पारितोषिक आणि परितोष : एका गृहीताची चिकित्सा

बँक-कर्मचाऱ्यांना मिळणारी पारितोषिके, त्यांचे समाधान आणि त्यांची कामगिरी यांचा संबंध शोधणारे अभ्यास बहुधा एका सरळ साखळीवर उभे असतात : पारितोषिकाने समाधान वाढते व समाधानाने काम सुधारते. यांतील पहिला दुवा अनुभवाने सिद्ध होण्यापूर्वीच शब्दाने मान्य केलेला असतो. ‘पारितोषिक’ आणि ‘संतोष’ हे दोन्ही शब्द ‘तुष्’ या एकाच धातूपासून आले आहेत. जे तोषविते तेच पारितोषिक, असे ठरल्यावर त्याने तोष होतो काय, हा प्रश्न उरतच नाही.

दुसरा दोष वर्गीकरणाचा. फारसीतून आलेल्या ‘बक्षीस’ या शब्दात देणाऱ्याची मर्जी आहे. ‘बोनस’ मात्र १९६५ च्या अधिनियमाने हक्काचा वाचक झाला. हक्काची रक्कम मिळाल्याने कोणी हरखून जात नाही. ती न मिळाल्यास रोष होतो. फ्रेडरिक हर्झबर्ग व सहकारी यांनी १९५९ मध्ये अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून असाच भेद मांडला : वेतनादिकांच्या उणिवेने असमाधान येते, समाधान मात्र कामातील यश व त्याची दखल यांतून उपजते. यश स्वतःकडे घेणे आणि अपयश परिस्थितीवर ढकलणे हा मनुष्यस्वभाव असल्याने या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्त आहेत. तथापि हक्क आणि गौरव एकाच मापाने मोजू नयेत, हा इशारा त्यामुळे बाद होत नाही.

‘कामगिरी’ हा शब्दही असाच संदिग्ध आहे. ११ नोव्हेंबर २०२० च्या अकराव्या द्विपक्षीय कराराने सरकारी बँकांत कामगिरीशी निगडित प्रोत्साहन आणले. त्यानुसार बँकेच्या कार्यकारी नफ्यातील वार्षिक वाढ ५ टक्क्यांहून कमी असल्यास काहीही नाही. १५ टक्क्यांहून अधिक असल्यास १५ दिवसांचे मूळ वेतन व महागाई भत्ता. येथे कामगिरी बँकेची आहे, खिडकीवरील रोखपालाची नव्हे. उलटपक्षी, अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत विक्रीची उद्दिष्टे व्यक्तिशः लादली गेली आणि ग्राहकांच्या संमतीवाचून लक्षावधी खाती उघडली गेली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला. सुमारे ५,३०० कर्मचारी आधीच बडतर्फ झाले होते. आकड्यांत कामगिरी चढत होती, तेव्हाच काम नासत होते.

म्हणून प्रश्नावली हाती घेण्यापूर्वी संशोधकाने तीन गोष्टी ठरविणे अगत्याचे आहे : दिलेले ते हक्काचे की मर्जीचे, कामगिरी कोणाची, आणि ती मोजणार कोण. हे ठरविल्यावाचून काढलेला सहसंबंध शब्दांचा असेल, वस्तुस्थितीचा नव्हे.