चौसष्ट खंडांचे आकाश

वहीच्या पानावर आडव्या आठ आणि उभ्या आठ अशा चौसष्ट चौकटी आखा. प्रत्येक चौकटीत पुन्हा तशाच चौसष्ट बारीक चौकटी आहेत अशी कल्पना करा. मोठ्या चौकटीला आपण खंड म्हणू आणि बारीक चौकटीला घर. एकूण ४०९६ घरे झाली. 'सुपर स्टार ट्रेक' या जुन्या संगणकीय खेळाचे सारे विश्व एवढ्यात मावते. त्यात आपले एक अवकाशयान आहे, क्लिंगॉन नावाची शत्रूची याने आहेत, ऊर्जा आणि टॉर्पेडो भरून घेण्याचे तळ आहेत आणि वाटेत आडवे येणारे तारे आहेत. ठरलेल्या दिवसांत सर्व क्लिंगॉन संपवायचे. चित्रे नाहीत, हलणारे काही नाही. पडद्यावर फक्त अक्षरे आणि आकडे.

मूळ खेळ माइक मेफील्ड या शाळकरी अमेरिकन मुलाने १९७१ साली लिहिला. १९६६ ते १९६९ या काळात तिकडे गाजलेल्या दूरदर्शन मालिकेवरून त्याला ही कल्पना सुचली. बॉब लीडम यांनी १९७४ साली त्यात मोठ्या सुधारणा केल्या, आणि त्यांची आवृत्ती डेव्हिड आह्ल यांच्या १९७८ सालच्या 'बेसिक कॉम्प्युटर गेम्स' या पुस्तकात ओळ न् ओळ छापली गेली. खेळायचे तर आधी तो प्रोग्रॅम पुस्तकातून बघून स्वतः टंकलिखित करावा लागे. आपल्याकडे १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात निवडक शाळांना बी.बी.सी. मायक्रो संगणक मिळाले, तेही सुरू करताच बेसिक भाषेत लिहायला तयार असत. प्रोग्रॅम ही वाचायची गोष्ट आहे, हे त्या काळी वेगळे सांगावे लागत नसे.

आम्ही या खेळाचे परीक्षण करतो आहोत ते याच बाजूने. खेळ म्हणून तो मध्यम प्रतीचाच आहे. वाचायचा मजकूर म्हणून मात्र नववी-दहावीच्या वर्गासाठी इतका चांगला संगणकीय खेळ आम्हाला दुसरा आढळलेला नाही.

सुरुवात आकड्यांपासून करू. प्रत्येक खंडात काय आहे हे प्रोग्रॅम एकाच तीन अंकी संख्येत साठवतो. शतकस्थानी क्लिंगॉन, दशकस्थानी तळ, एककस्थानी तारे. २०७ म्हणजे दोन क्लिंगॉन, तळ नाही, सात तारे. त्या वेळच्या संगणकांत स्मृती अगदी तुटपुंजी असे, म्हणून ही काटकसर. स्थानिक किंमत कशासाठी शिकायची असे विचारणाऱ्या मुलासमोर हे उदाहरण ठेवून पाहावे. कोणत्याही गोष्टीची संख्या नऊच्या वर गेली तर काय होईल, हा प्रश्न मुलेच विचारतात. लेखकाने ती वेळ येऊ दिलेली नाही : एका खंडात क्लिंगॉन जास्तीत जास्त तीन आणि तारे आठ.

आता डावपेच. नवखा खेळाडू जवळच्या खंडातून जवळच्या खंडात जातो आणि हरतो. याचे कारण प्रोग्रॅमच्या एका ओळीत आहे. एका खंडाहून कमी अंतर गेलात तर दिवसाचा तेवढा अंश खर्ची पडतो. पण एक खंड जा की सात खंड, खर्च एकच दिवस. म्हणजे पनवेलहून खांदेश्वरला जायला एक दिवस आणि पनवेलहून नागपूरला जायलाही एकच दिवस! ऊर्जेचा फरकही किरकोळ आहे. ३००० एकक ऊर्जेपैकी एका खंडाच्या उडीला १८ आणि सात खंडांच्या उडीला ६६ एकके लागतात. गोळीबाराला तर वेळ लागतच नाही. तेव्हा मोजायचे अंतर नव्हे, उड्यांची संख्या मोजायची. गंमत अशी की यानाला अंतर सांगताना खेळ त्याला 'वार्प' म्हणजे वेग म्हणतो, आणि प्रत्येक मोठी उडी बरोबर एक दिवसाची असल्याने अंतर भागिले एक दिवस हा भागाकार खरोखरच वेगाएवढा येतो.

सगळे आकाश एकदा पाहायला किती उड्या लागतील? दूरदर्शक आपला खंड आणि भोवतालचे आठ खंड दाखवतो, तोही फुकट. तीन बाय तीनच्या चौकोनांनी आठ बाय आठचा पट झाकायला नऊ जागा लागतात. शत्रू किती असतील? खंड मांडताना प्रोग्रॅम यादृच्छिक संख्या काढतो आणि शंभरातील पंधरा वेळा एक, तीन वेळा दोन, दोन वेळा तीन क्लिंगॉन ठेवतो. ०.१५ अधिक ०.०६ अधिक ०.०६ म्हणजे ०.२७, गुणिले ६४ केले की सरासरी सतरा क्लिंगॉन, साधारण तेरा खंडांत विखुरलेले. मुदत २५ ते ३४ दिवसांची. शेवटी मिळणारे गुण म्हणजे क्लिंगॉन भागिले दिवस, त्याचा वर्ग, गुणिले हजार. निम्म्या दिवसांत काम उरकले तर गुण चौपट. पाहणी आणि लढाई वेगवेगळी ठेवणाऱ्याला हा वर्ग चांगलाच भोवतो.

खरी मेजवानी भूमितीत आहे. दिशा अंशांत नसून आकड्यांत सांगायची असते : उजवीकडे १, वर-उजवीकडे तिरपे २, सरळ वर ३, याप्रमाणे घड्याळाच्या उलट दिशेने ८ पर्यंत. दोन आकड्यांत ४५ अंशांचे अंतर आहे, मग दीड म्हणजे २२.५ अंश असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दीड म्हणजे सुमारे २६.६ अंश! दिशा १ म्हणजे एक घर उजवीकडे, दिशा २ म्हणजे एक घर उजवीकडे आणि एक वर. दीडसाठी प्रोग्रॅम या दोन पावलांची सरासरी घेतो : एक घर उजवीकडे, अर्धे घर वर. कोन कुठेच मोजलेला नाही. समजा शत्रू सात घरे उजवीकडे आणि तीन घरे वर आहे. कोनमापकाने कोन येतो सुमारे २३.२ अंश, भागिले ४५ करून दिशा काढली तर १.५२. टॉर्पेडो सोडा, सातव्या घरापाशी तो ३.६४ घरे वर गेलेला असेल, म्हणजे चौथ्या ओळीत. नेम चुकला. त्याऐवजी तीन भागिले सात करा, दिशा १.४३ घ्या, नेम बरोबर बसतो. त्रिकोणमितीची गरज नाही, साधा भागाकार पुरतो. कारण नकळत आपण स्पर्शज्याच वापरली.

पण याची किंमत आहे. तिरप्या दिशेचे एक पाऊल सरळ पावलाच्या १.४१ पट लांब पडते आणि ऊर्जा मात्र तितकीच लागते. बुद्धिबळातला राजा असाच चालतो. फेझर किरणांसाठी अंतर मोजताना मात्र हाच प्रोग्रॅम पायथागोरसकडे जातो. एकाच विश्वात दोन भूमिती! यानावरचा संगणकही पायथागोरसचे अंतर सांगतो आणि खेळाडूला फसवतो. तीन खंड वर आणि तीन खंड उजवीकडे जायचे असता तो ४.२४ दाखवतो. तो आकडा जसाच्या तसा वापरला तर यान २४ ऐवजी ३४ पावले टाकते आणि मुक्कामाच्या पुढे दहा घरे निघून जाते. आमच्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की ज्या आणि कोज्या वापरून हे दुरुस्त करूनच मुलांच्या हाती द्यावे. आम्हाला ते पटत नाही. मुलांनी आधी घसरावे, मग घसरण्याचे कारण ओळींत शोधावे.

पनवेलमधल्या एका शाळेत आम्ही हा खेळ चौकटीच्या वहीवर आणि मग संगणकावर मांडला, तेव्हा नववीतल्या एका मुलीने वेगळीच हरकत घेतली. फेझरचा मारा अंतराच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. "सर, प्रकाश तर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो ना? मग हे चूक आहे." हरकत रास्त होती. पण आपल्या जगात प्रकाश गोलाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि ते पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. खेळाचे विश्व कागदासारखे सपाट आहे. तिथे पसरणारी ऊर्जा वर्तुळाच्या परिघावर पसरणार, आणि परीघ त्रिज्येच्याच प्रमाणात वाढतो. सपाट जगाला हाच नियम शोभतो. लेखकाने तो एवढा विचार करून निवडला होता का, हा प्रश्न बाजूला ठेवू. (आणि फेझर हा न पसरणारा झोत मानला तर दोन्ही नियम गैरलागू!) पडद्यावरचा नियम कोणीतरी लिहिलेला असतो, तो निसर्गाचा असेलच असे नाही, हे त्या वर्गाला व्याख्यानाशिवाय कळले. आज शाळांत येणाऱ्या रंगीत शैक्षणिक खेळांपैकी बहुतेकांचे पोट उघडताच येत नाही. त्यातला चेंडू चुकीच्या त्वरणाने पडला तरी मूल ते खरे मानून चालते.

दोषही सांगायला हवेत. क्लिंगॉनांना डोके नाही. ते आपल्याच खंडात वाटेल तसे सरकतात, तळावर हल्ला करत नाहीत, एकमेकांच्या मदतीला जात नाहीत. बुद्धिबळात समोरच्याच्या मनात काय आहे याचा विचार करावा लागतो. इथे समोर मनच नाही. शिवाय क्लिंगॉनचा दारूगोळा आणि प्राण एकाच खात्यात आहेत : प्रत्येक माऱ्यानंतर त्याची ऊर्जा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून त्याला दुरून एकदा मारा करू द्यायचा आणि मग जवळ जाऊन थोडक्या ऊर्जेत संपवायचे, ही युक्ती कळली की निम्मी चुरस संपते. संहाराखेरीज दुसरे काही करायला वाव नाही, हीही खंत आहेच.

त्या वर्गाने पुढे फेझरची ओळ बदलून तिथे अंतराचा वर्ग घातला. सात घरांवरून १०० एकके सोडली तर पूर्वी २८ ते ४२ एककांचा मारा बसे, आता तो ४ ते ६ झाला. शत्रूच्या ऊर्जेच्या १५ टक्क्यांपर्यंतचा मारा प्रोग्रॅम धरतच नाही, आणि कोऱ्या क्लिंगॉनकडे निदान १०० एकके असतात. साहजिकच दर वेळी शत्रूला इजा नाही असेच उत्तर येऊ लागले आणि सगळा भार दहा टॉर्पेडोंवर आला. मग एकाने सुचवले की नियम घनाकृती जगाचा घेतला, तर जगही घनाकृती घ्यायला हवे. आठ बाय आठ बाय आठ म्हणजे ५१२ खंड झाले. त्यात दिशा सांगायला एक आकडा पुरेल की दोन, यावर सध्या त्यांचा वाद चालू आहे.