श्रवणोपचार आणि मज्जासंस्थेची शांतता : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

ध्वनीने मन निवते हा मानवाचा पुरातन अनुभव आहे. अंगाई, नामजप, रात्रीचे भजन यांना आपले सामर्थ्य सिद्ध करण्यासाठी प्रयोगशाळेची गरज कधी भासली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या अनुभवाला उपचारपद्धतीचे रूप प्राप्त झाले. विशिष्ट रीतीने गाळलेले संगीत हेडफोनमधून ठरावीक तास ऐकवल्यास स्वायत्त मज्जासंस्था शांत होते, चिंता ओसरते आणि स्वमग्न मुलांची ध्वनीविषयक अतिसंवेदनशीलता कमी होते, असे दावे या पद्धतींच्या संदर्भात केले जातात. प्रस्तुत लेखात या दाव्यांचा चिकित्सक परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची भूमिका आरंभीच स्पष्ट करणे योग्य ठरेल. ऐकण्याने मिळणारी शांतता खरी असू शकते. परंतु त्यामुळे तिचे सांगितले जाणारे कारण आपोआप खरे ठरत नाही. अनुभव, परिणाम आणि कारण या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की तिची किंमत स्वमग्न मुलाच्या पालकांना आणि चिंतेने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून हा प्रश्न केवळ शरीरशास्त्राचा नाही. तो विवेकाचाही आहे.

टोमाटिस ते पोर्जेस

या परंपरेचा आरंभ फ्रेंच कर्णरोगतज्ज्ञ आल्फ्रेड टोमाटिस (१९२०–२००१) यांच्यापासून मानला जातो. ते गायकाचे पुत्र होते. कानाला जे ऐकू येत नाही ते कंठातून उमटत नाही, हे त्यांचे मूळ प्रतिपादन. त्यातून त्यांनी ‘इलेक्ट्रॉनिक कान’ हे उपकरण घडवले. मोत्सार्टचे संगीत, ग्रेगोरियन स्तोत्रगायन आणि मातेचा आवाज हे ध्वनी त्यातून गाळून ऐकवले जात. अशा श्रवणाने मध्यकर्णाच्या स्नायूंना व्यायाम घडतो, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे गी बेरार यांनी श्रवण-एकात्मीकरण प्रशिक्षणाची पद्धत मांडली. दहा दिवस, रोज दोन वेळा, अर्धा-अर्धा तास श्रवण असे तिचे स्वरूप होते. १९९१ मध्ये ॲनाबेल स्टेली यांनी आपल्या मुलीच्या अनुभवावर लिहिलेल्या पुस्तकाने या पद्धतीला अमेरिकेत मोठी प्रसिद्धी मिळवून दिली.

या परंपरेला मज्जाशास्त्राची भाषा दिली ती स्टीफन पोर्जेस यांनी. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘पॉलीव्हेगल’ सिद्धांतानुसार व्हेगस मज्जातंतूच्या दोन शाखा उत्क्रांतीच्या दोन टप्प्यांवर निर्माण झाल्या. त्यांपैकी नवी शाखा सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य असून ती चेहरा, कंठ आणि मध्यकर्ण यांच्या नियंत्रणाशी जोडलेली आहे. मानवी स्वराच्या कंप्रता-पट्ट्यातील ध्वनी मज्जासंस्थेला सुरक्षिततेचा संकेत देतात, असे त्यांचे म्हणणे आहे. २०१७ पासून व्यावसायिकांना उपलब्ध झालेला ‘सेफ अँड साउंड प्रोटोकॉल’ हा पाच तासांच्या श्रवणाचा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे.

सिद्धांताची तपासणी

या मांडणीचे आकर्षण उघड आहे. भय, संवाद आणि श्रवण यांना ती एका सूत्रात ओवते. पीडिताला दोष न देता त्याच्या शरीराची बाजू समजून घेते. मात्र आकर्षकता ही सत्यतेची कसोटी नव्हे.

पहिला आक्षेप उत्क्रांतीविषयक आहे. हृदयाची गती श्वासाबरोबर बदलण्यामागील व्यवस्था केवळ सस्तन प्राण्यांत आढळते, हे गृहीतक २०१८ मध्ये फुप्फुसमाशावर प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने डळमळीत केले. या प्राचीन वंशाच्या माशातही तशी व्यवस्था आढळली. पॉल ग्रॉसमन यांनी २०२३ मध्ये सिद्धांताच्या पाच मूलभूत गृहीतकांवर सविस्तर टीका केली आहे. पोर्जेस यांना ही टीका मान्य नाही. तथापि ज्याच्या पायाविषयी एवढा मतभेद आहे, तो सिद्धांत ‘विज्ञानाने सिद्ध’ म्हणून सांगणे उचित नव्हे.

दुसरा आक्षेप मापनाविषयी आहे. श्वासानुसार होणाऱ्या हृदयगतीच्या चढउतारावरून व्हेगसचे बळ अनुमानिले जाते. परंतु श्वास मंद व खोल झाला तरी हा चढउतार वाढतो. श्वास न मोजता काढलेला निष्कर्ष म्हणूनच अपुरा ठरतो.

तिसरा आक्षेप मध्यकर्णाचा. तेथील दोन सूक्ष्म स्नायू प्रामुख्याने मोठ्या आवाजाला प्रतिसाद म्हणून, तसेच आपण स्वतः बोलू लागण्याच्या सुमारास आकुंचन पावतात. मंद आवाजातील गाळलेल्या संगीताने त्यांना व्यायाम होतो आणि तो मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतो, या साखळीतील प्रत्येक कडी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागेल.

आणखी एक अडचण तर्कशास्त्रीय आहे. रुग्ण शांत झाला तर उपचार यशस्वी, आणि न झाला तर ‘मज्जासंस्थेला अद्याप सुरक्षित वाटले नाही’, अशी पळवाट मोकळी राहिली तर तो दावा कधीच खोटा ठरू शकत नाही. अपयशाचा भार मग नकळत रुग्णावर पडतो.

पुराव्याची प्रत

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९८ मध्येच श्रवण-एकात्मीकरणाच्या वापराला पुरेसा वैज्ञानिक आधार नसल्याचे नमूद केले होते. २०११ च्या कोक्रेन समीक्षेत बेरार यांच्या धर्तीच्या सहा आणि टोमाटिस पद्धतीची एक अशा सात चाचण्या तपासण्यात आल्या. त्यांतील सहभागी होते अवघे १८२. स्वमग्नतेवर हे उपचार परिणामकारक असल्याचा पुरावा समीक्षकांना आढळला नाही. पोर्जेस व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात गाळलेल्या संगीताची तुलना न गाळलेल्या संगीताशी केलेली आहे. ही रचना योग्य दिशेची होय. परंतु निष्कर्ष प्राथमिक असल्याचे त्या निबंधाचे शीर्षकच सांगते.

याउलट, साध्या संगीतश्रवणाचा पुरावा अधिक भक्कम आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेवरील २०१३ च्या कोक्रेन समीक्षेत २६ चाचण्या आणि २०५१ रुग्ण होते. संगीत ऐकल्याने रुग्णांची चिंता कमी झाल्याचे तीत दिसते; हृदयगतीवरील परिणाम मात्र अल्प होता. म्हणजे माणसाला शांत वाटते हे खरे, पण त्या प्रमाणात शरीराची मोजमापे बदलतातच असे नाही. अनुभव आणि कारण यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

श्वास, लय आणि विराम

इटलीतील लुचानो बेर्नार्डी आणि सहकाऱ्यांचे दोन अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहेत. २००१ मध्ये त्यांनी २३ निरोगी व्यक्तींना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणावयास सांगितले. दोन्हींमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदय व रक्तदाबाच्या लयी परस्परांशी जुळल्या. धर्म भिन्न, भाषा भिन्न. समान होता तो उच्चाराने लांबवलेला श्वास. २००६ च्या अभ्यासात त्यांनी संगीताचे विविध प्रकार ऐकवले. त्यांत भारतीय रागसंगीतही होते. श्वास आणि हृदयगती संगीताच्या प्रकारापेक्षा लयीला अनुसरताना दिसली. सर्वाधिक शिथिलता मात्र आढळली ती मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या विरामात. संगीताच्या संशोधनातून हाती आलेले हे शांततेचे महत्त्व मननीय आहे.

परंपरेचा दाखला

अशा वेळी ‘हे आपल्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त स्वरविचारापूर्वी पिंडोत्पत्तीचे, म्हणजे देहाच्या घडणीचे, विवेचन केले आहे. बोलण्याची इच्छा झाली की मन देहातील अग्नीला चालना देते, अग्नी वायूला प्रेरित करतो आणि वर चढणारा वायू नादरूप धारण करतो, असा तेथील क्रम आहे. देह, श्वास आणि नाद यांचे नाते जाणणारी ही दृष्टी गौरवास्पद आहे. तथापि हे नादाच्या उत्पत्तीचे तत्त्वचिंतन आहे. हेडफोनमधील गाळलेल्या संगीताला त्याचे प्रमाणपत्र जोडणे हा ग्रंथावरही अन्याय होय.

शांततेचा सार्वजनिक प्रश्न

श्रवणोपचाराच्या चर्चेत एक गोष्ट सहसा निसटते. उपचार व्यक्तीच्या मज्जासंस्थेवर केंद्रित असतो. तिला अस्वस्थ करणारा भोवतालचा गोंगाट तसाच राहतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांभोवतीच्या किमान १०० मीटर परिसराचा विचार त्या नियमांत आहे. २०१७ च्या दुरुस्तीने असे क्षेत्र राज्य शासनाने अधिसूचित करणे आवश्यक ठरवले. कानांवर हात ठेवून बसणाऱ्या मुलाला पाच तासांच्या संगीताआधी शांत वर्गखोली मिळाली काय, हा प्रश्न शिक्षणसंस्थांनी प्रथम स्वतःला विचारावयास हवा.

समारोप

संगीताचा आनंद आणि विसावा नाकारण्याचे कारण नाही. समुपदेशन कक्षात संथ संगीत, दीर्घ श्वासाचा सराव आणि थोडी निःशब्दता यांना अवश्य स्थान असावे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. मात्र ज्या विद्यार्थ्याला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे, त्याला हेडफोन देऊन थांबवणे ही उपेक्षाच ठरेल. उपचाराने दिलासा मिळाला तर तो दिलासा म्हणून स्वीकारावा. त्याला सिद्धांताचे नाव देताना पुरावा मागावा. दिलाशाच्या शोधात असलेल्या माणसाला आपण निदान एवढा प्रामाणिकपणा देणे लागतो.