‘फोर्ट’ या नामाचे मराठी प्रतिशब्द

इंग्रजीतील ‘फोर्ट’ या नामाचा अर्थ ‘किल्ला’ असे सांगितले की प्रश्न मिटला, असे सामान्यतः मानले जाते. द्वैभाषिक कोशाच्या प्रथेप्रमाणे त्यापुढे गड, कोट, दुर्ग हे शब्द स्वल्पविराम देऊन मांडले जातात. अशा मांडणीमुळे हे शब्द एकमेकांच्या जागी निर्धास्तपणे वापरता येतात, अशी समजूत रूढ होते. या समजुतीची परीक्षा अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) चांगली होऊ शकते. कारण सह्याद्रीचे कडे आणि पठारावरील सपाट भूमी ही दोन्ही या एकाच जिल्ह्यात आहेत.

‘फोर्ट’ हा शब्द ‘बळकट’ या अर्थाच्या लॅटिन विशेषणापासून आलेला आहे. त्याचा भर बांधकामाच्या मजबुतीवर व तेथील शिबंदीवर आहे. ‘कॅसल’मध्ये सरदाराच्या निवासाची, तर ‘सिटाडेल’मध्ये शहरावर वचक ठेवणाऱ्या बालेकिल्ल्याची कल्पना प्रधान आहे. म्हणजे इंग्रजी पर्यायांतील भेद मुख्यतः उपयोगावर आधारलेले आहेत.

मराठीतील विभागणी निराळी आहे. ‘दुर्ग’ म्हणजे जेथे जाणे कठीण ते स्थान. ही कठीणता डोंगराची, पाण्याची किंवा अरण्याचीही असू शकते. म्हणूनच सिंधुदुर्ग समुद्रात आणि नळदुर्ग पठारावर असला तरी दोन्ही नावे सार्थ ठरतात. ‘गड’ या शब्दात डोंगर अंतर्भूत असतो. अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगडावर बांधीव तट थोडा. तेथे कडा हाच तट होय. ‘कोट’ म्हणजे मुळात भिंत. ‘किल्ला’ हा अरबीतून आलेला शब्द सर्वांत व्यापक आहे. त्यामुळे ‘भुईकोट किल्ला’ असे सहज म्हटले जाते. ‘भुईगड’ असे कोणी म्हणत नाही. रूढीचा हा नकार शब्दार्थाचा पुरावाच समजला पाहिजे.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास इतिहासाच्या अनुवादात काय घडते, याचे उदाहरण नगरच्याच १८०३ च्या वेढ्यात सापडते. आर्थर वेलस्लीच्या सैन्याने ८ ऑगस्टला शिड्या लावून ‘पेट्टा’ घेतला. दौलतराव शिंद्यांच्या शिबंदीकडे असलेला ‘फोर्ट’ १२ ऑगस्टला त्याच्या स्वाधीन झाला. ‘पेट्टा’ हा शब्द इंग्रजांनी या देशातूनच उचललेला व मराठी ‘पेठ’ शब्दाचा सगोत्र आहे. म्हणून अनुवादक निःशंकपणे ‘पेठ’ लिहितो. परंतु मराठीत पेठ म्हणजे बाजाराची वस्ती. तिला तट असलाच पाहिजे असे नाही. बाजार घेण्यासाठी शिड्या कशाला लागल्या, हे मग वाचकास उमगत नाही. इंग्रज लेखकांच्या लेखी ‘पेट्टा’ म्हणजे किल्ल्यालगतचे तटबंद शहर. नगरास शहराचा कोट एक आणि त्याच्या पूर्वेस खंदकाने वेढलेला भुईकोट दुसरा, अशा दोन स्वतंत्र तटबंद्या होत्या. ‘शहरकोट’ व ‘भुईकोट’ ही योजना केली की चार दिवसांतील दोन निराळ्या घटना स्पष्ट होतात. येथे घरचा शब्द परक्या अर्थाने परत आला आहे. ओळखीचे रूपच अनुवादकास चकविते.

प्रत्येक ठिकाणी सूक्ष्म भेद पाळलाच पाहिजे असे मात्र नाही. १९४२ नंतर नेहरू, आझाद प्रभृती नेते ज्या वास्तूत स्थानबद्ध होते, तिला नुसते ‘किल्ला’ म्हटल्याने अर्थहानी होत नाही. तेथे महत्त्व बंदिवासाचे आहे, रचनेचे नाही. मुंबईत तर ‘फोर्ट’ हा शब्द अनुवादालाच नकार देतो. तेथील तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला, पण नाव वस्तीला चिकटून राहिले. आज ‘फोर्टात कचेरी आहे’ या वाक्यातील शब्दाचा ‘किल्ल्यात’ असा अनुवाद हास्यास्पदच ठरेल.

तात्पर्य, पर्यायशब्दांची यादी हा शब्दनिवडीचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. कँडीच्या १८४७ च्या इंग्रजी–मराठी कोशापासून चालत आलेल्या परंपरेचे ऋण मोठे आहे. पुढील कोशकारांनी प्रतिशब्दांबरोबर त्यांचे प्रयोगक्षेत्रही नोंदविले, तर ते ऋण काही अंशी फिटेल. तोवर इतिहासाची इंग्रजी साधने अनुवादणाऱ्या अभ्यासकाने कोशाबरोबर नकाशाही उघडावा. तट डोंगरावर आहे, सपाटीवर आहे की शहराभोवती आहे, हे कळल्याशिवाय योग्य शब्द हाती लागत नाही.