चित्रगृहाची जाहिरात : पुरावा कशाचा?

जुन्या वृत्तपत्रांतील चित्रगृहांच्या जाहिरातींवरून तत्कालीन लोकाभिरुचि ठरविण्याचा प्रघात कांहीं अभ्यासकांत दिसतो. तो आम्हांस मान्य नाहीं. जाहिरात अस्सल खरी. पण ती कशाचा पुरावा आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे.

अमेरिकेचें उदाहरण घेऊं. आरंभीं तेथें चित्रपट फुटाच्या मापानें विकला जाई आणि फिरता खेळवाला तो गांवोगांव दाखवी. १९०५ नंतर कायमचीं स्वस्त चित्रगृहें वाढलीं. प्रेक्षक तेच असल्यामुळें खेळ वारंवार बदलणें प्राप्त झालें व चित्रपट भाड्यानें देणाऱ्या मध्यस्थांचें महत्त्व वाढलें. नव्या रिळाचें भाडें जबर, वापरलेल्याचें कमी; मालकाची निवड बहुधा एवढ्यापुरतीच असे. १९०८ सालीं स्थापन झालेल्या पेटंटधारकांच्या संघानें चित्रगृहांकडून आठवडी दोन डॉलर घेण्यास आरंभ केला. १९१५ सालीं न्यायालयानें संघाविरुद्ध निकाल दिला. तथापि पुढें पॅरामाउंटकडून मेरी पिकफर्डसारख्या लोकप्रिय नटीचे चित्रपट हवे असल्यास इतर चित्रपटांचा गठ्ठाहि घ्यावा लागे. ही रीत सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं निषिद्ध ठरविली.

सारांश, अमुक खेळ लागला होता एवढेंच जाहिरात सांगते. लोकांस तोच हवा होता, हें अनुमान सव्यभिचार होय. त्यास भाड्याच्या पावत्यांची व तिकिटविक्रीच्या वह्यांची जोड हवी. आपल्याकडेहि जुनीं चित्रगृहें पाडलीं जात आहेत. त्यांचीं दप्तरें रद्दींत जाण्यापूर्वीं अभ्यासकांनीं तीं मिळवावींत, अशी आमची विनंति आहे.