वरच्या जबड्याच्या स्थानांतराची शल्यतंत्रे आणि वाणीची कसोटी : एक परीक्षण

शल्यविद्येतील लेखनाचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावे, हे प्रथमदर्शनी अनधिकार वाटण्याचा संभव आहे. परंतु वरचा जबडा पुढे आणण्याच्या शस्त्रक्रियांवरील लेखनात ‘वाणी’ या सदराखाली जे निष्कर्ष नोंदवलेले असतात, त्यांचा विषय वर्णोच्चार हाच असतो. आणि तेथे आमच्या शास्त्राने मौन पाळणे योग्य नव्हे. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप मर्यादित आहे. एका भाषेच्या रुग्णांवरून काढलेला ‘वाणीत लक्षणीय फरक नाही’ हा निष्कर्ष दुसऱ्या भाषेच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम तंत्रांचा थोडक्यात परामर्श घेऊ. रेने ल फोर या फ्रेंच शल्यविशारदाने मृत देहांच्या चेहऱ्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात, हे 1901 साली दाखवून दिले. या रेषांपैकी सर्वांत खालच्या रेषेवर शल्यविशारद आज हेतुपुरस्सर छेद घेतो. दातांच्या मुळांच्या वरून हाड आडवे कापले जाते, मागील अस्थिपट्टांपासून जबडा सोडवला जातो, तो खाली ओढून मोकळा केला जातो आणि नव्या जागी धातूच्या लहान पट्ट्यांनी बसवला जातो. जबडा असा संपूर्ण मोकळा करण्याचा आग्रह 1960 च्या दशकात झ्युरिखच्या ओब्वेगेसर यांनी धरला. मोकळ्या केलेल्या हाडाचे पोषण टाळूच्या व हिरड्यांच्या मृदू आवरणातून चालू राहते, हे अमेरिकेतील बेल यांच्या माकडांवरील प्रयोगांनी स्पष्ट केले. या तंत्राला पर्याय म्हणून क्रमशः विकर्षणाचे तंत्र पुढे आले. यात छेद घेतल्यावर काही दिवस थांबून जबडा दररोज सुमारे 1 मिलिमीटर पुढे ओढला जातो व मधल्या फटीत नवे हाड तयार होते. कवटीला बाहेरून चौकट बसवून हे विकर्षण करण्याची रीत 1997 पासून विशेष प्रसिद्धीस आली.

आता वाणीकडे वळू. वरचा जबडा मागे राहिलेला असला, की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, आणि जिभेच्या टोकाला दात व दंतमूल यांपाशी नेमकी जागा सापडत नाही. ‘स’, ‘च’, ‘ज’ यांसारखे वर्ण त्यामुळे बिघडतात. जबडा पुढे आणल्यावर हा दोष बहुधा कमी होतो. परंतु मृदुतालू कठोर तालूच्या मागील कडेला जोडलेली आहे. जबडा पुढे गेला, की तीही पुढे ओढली जाते आणि तिच्या व घशाच्या मागील भिंतीच्या मधले अंतर वाढते. निरोगी टाळू ताणली जाऊन हे अंतर सहसा भरून काढते. जन्मतः दुभंगलेली आणि शस्त्रक्रियेने शिवलेली टाळू मात्र व्रणांमुळे आखूड व ताठर असू शकते. मग नासिकेचा मार्ग पुरता बंद होत नाही, श्वास नाकावाटे निसटतो आणि बोलणे सानुनासिक होते. म्हणजे एकच शस्त्रक्रिया मुखाच्या अग्रभागी लाभ देते आणि पश्चभागी हानीचा संभव निर्माण करते. या दोहोंची एकत्र बेरीज केली, तर ‘फरक नाही’ असे उत्तर येऊ शकते. पण ते शून्य दोन विरुद्ध दिशांच्या बदलांनी बनलेले असते.

विकर्षणाच्या पुरस्कर्त्यांची आशा अशी होती की, जबडा हळूहळू पुढे गेल्यास मृदुतालूला जुळवून घेण्यास अवधी मिळेल. हाँगकाँग येथील दुभंग ओठ-टाळूच्या रुग्णांत दोन्ही तंत्रांची तुलना करणारा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात वाणीच्या बाबतीत दोन तंत्रांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या अभ्यासाच्या काटेकोरपणाविषयी आमची तक्रार नाही. प्रश्न त्याच्या व्याप्तीचा आहे. हाँगकाँगची प्रमुख भाषा कॅन्टोनीज. तिच्यात सघोष स्फोटक नाहीत. तेथील ‘प’ आणि ‘म’ यांत नासिकामार्गाच्या स्थितीखेरीज घोषाचाही भेद असतो. मराठीत ‘ब’ आणि ‘म’ दोन्ही सघोष, दोन्ही ओष्ठ्य. त्यांना वेगळे राखणारी गोष्ट केवळ मृदुतालूची हालचाल. ‘बाळ’ आणि ‘माळ’, ‘दार’ आणि ‘नार’, ‘वाडी’ आणि ‘वाणी’ या जोड्यांचा अर्थभेद एकट्या मृदुतालूवर उभा आहे. म्हणून सारखाच श्वास निसटला, तरी मराठी श्रोत्याच्या आकलनात होणारे नुकसान अधिक असेल, असे अनुमान करण्यास आधार आहे.

अग्रभागाचे चित्र याच्या उलट आहे. मराठीत ‘च’ व ‘ज’ यांचे तालव्य आणि दंततालव्य असे दोन उच्चार आहेत, आणि जबड्याच्या व्यंगाने ते बिघडले की कानाला चटकन खटकतात. परंतु ‘-चा’ आणि ‘-ची’ या प्रत्ययांत उच्चार बदलला, तरी पुढचा स्वर अर्थ सांभाळून घेतो. ‘जात’ हा शब्द जातिवाचक असता तालव्य आणि ‘जाणे’पासून आलेला असता दंततालव्य उच्चारला जातो, पण अशा जोड्या थोड्या, आणि त्यांचा उलगडा संदर्भानेही होतो. कानाला अधिक खटकणारा दोष आणि अर्थाला अधिक बाधक दोष असे हे दोन निराळे दोष आहेत. वर्णभेदाचा कार्यभार ही कल्पना आमच्या शास्त्राला जुनी आहे. शल्यविद्येच्या लेखनाला तिचा लाभ मिळाला पाहिजे.

यावर असा प्रतिवाद होईल की, दुभंग टाळूच्या रुग्णांची वाणी कोणत्याही भाषेत नोंदवता यावी म्हणून 2008 साली सर्वसामान्य निकष सुचवले गेलेच आहेत. सानुनासिकता, नाकावाटे श्वास निसटणे, व्यंजनदोष, आकलनीयता इत्यादी बाबी त्यांत वेगवेगळ्या नोंदवल्या जातात, आणि ही व्यवस्था निःसंशय स्वागतार्ह आहे. पण समान रकाने म्हणजे समान मूल्य नव्हे. रकान्यात दोष किती तीव्र, हे कळते. त्या भाषेत त्या दोषाची किंमत काय, हे त्या भाषेची वर्णव्यवस्था जाणणाऱ्यानेच सांगितले पाहिजे.

या दृष्टीने आणखी एक तंत्र अधिक लक्ष देण्याजोगे वाटते. त्यात दाढांच्या पुढे छेद घेऊन जबड्याचा केवळ अग्रभाग पुढे सरकवला जातो. कठोर तालूची मागील कड जागची हलत नसल्याने मृदुतालूही हलत नाही. हे तंत्र सर्व रुग्णांना लागू पडणारे नाही. कोणास योग्य, हा निर्णय शल्यविशारदाचाच. पण अग्रभागीचा लाभ घेऊन पश्चभागीचा धोका टाळण्याचा विचार त्याच्या रचनेतच आहे.

तात्पर्य, मराठी रुग्णांपुरते तरी तीन गोष्टींचे पथ्य पाळले जावे. अग्रभागीय वर्ण आणि नासिकामार्गावर अवलंबून असणारे वर्ण यांची गणना स्वतंत्र असावी. चाचणीच्या शब्दांत सघोष स्फोटक व अनुनासिक यांच्या जोड्या आणि महाप्राण वर्ण अवश्य असावेत. ऐकणारे मराठी भाषिक असावेत, आणि त्यांनी खटकणे व न समजणे यांची नोंद निरनिराळी करावी. ही कामे रुग्णालयाची जितकी, तितकीच भाषाविभागांची आहेत; एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाला एवढा विषय पुरेसा आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण विचारतो, ‘माझे बोलणे कसे होईल?’ त्याला आपल्या भाषेविषयीचे उत्तर मिळण्याचा अधिकार आहे.