छावणीची शिस्त आणि गद्यातील नीती : चिपळूणचे पत्र व सभासद बखर

प्रस्तावना :
कल्याण-भिवंडीच्या शिवकालीन इतिहासाचा विषय निघाला की १६५७ मधील स्वारीपेक्षा कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची कथा प्रथम आठवते. या कथेस समकालीन साधनांत आधार सापडत नाही, असे अनेक इतिहाससंशोधकांनी नोंदविले आहे. तरीही सैनिकी सदाचाराचा नमुना म्हणून वर्गात आपण तीच सांगतो. वस्तुतः या विषयावर अधिक भक्कम असे दोन गद्यलेख मराठीत उपलब्ध आहेत. पहिला म्हणजे चिपळूण प्रांतातील लष्करी अधिकाऱ्यांना मे १६७४ मध्ये लिहिलेले शिवाजी महाराजांचे पत्र आणि दुसरा म्हणजे सभासद बखरीतील भागानगरच्या मुक्कामाचे वर्णन. या दोहोंची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पत्राचे स्वरूप :
राज्याभिषेकाच्या साधारण महिनाभर आधी घोडदळ चिपळूणनजीक छावणीस होते. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण बेहिशेबी खर्च झाली, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग सैनिक कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला उचलू लागतील. परिणामी रयत गाव सोडेल आणि या लोकांपेक्षा मोगल बरे, असे तिला वाटेल, हा या पत्रातील युक्तिवाद आहे. सरकारातून पैसा मिळतो, तेव्हा हवे ते बाजारातून विकत घ्यावे, अशी ताकीद त्यात आहे. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजीस आग लागेल, इतका बारीक तपशीलही लेखकाच्या नजरेतून सुटत नाही.

या गद्याचे सामर्थ्य अलंकारात नसून कार्यकारणभावात आहे. येथे सद्गुणाचा उपदेश नाही. एका कृतीतून दुसरी आपत्ती कशी उद्भवते, याची साखळी आहे. वाचणारा जुमलेदार असो वा कारकून, त्याला आज्ञेबरोबर तिचे कारणही कळते.

बखरीतील चित्र :
कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे बखर लिहिली. १६७७ मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर निघालेले मराठी सैन्य कुतुबशहाच्या, म्हणजे मित्राच्या, मुलखातून गेले. तेथील रयतेस उपद्रव देऊ नये, लागेल ते विकत घ्यावे, अशी सक्त ताकीद दिल्याचे सभासद सांगतो. बादशहा सामोरा येऊ लागला असता, आपण वडील भाऊ, आपण पुढे येऊ नये, असा निरोप गेल्याचेही तो लिहितो. यजमानाच्या दरबारी रीतीचा मान आणि बाजारातील रोख व्यवहार यांना सभासद एकाच शिष्टाचाराची दोन अंगे मानतो, हे लक्षणीय आहे.

मात्र बखरकाराची भूमिका स्तुतिपाठकाची आहे. त्याच्या लेखनात आज्ञा होताच ती पाळली जाते. पत्रात तसे नाही. ताकीद द्यावी लागते, याचाच अर्थ गैरवर्तनाची शक्यता खरी होती. म्हणून आचरणाचा पुरावा या दृष्टीने पत्राचे मोल अधिक ठरते.

नीतीची मर्यादा :
येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. याच सैन्याने १६६४ व १६७० मध्ये सुरत लुटली. म्हणजे ही शिस्त स्वकीय रयत व मित्रराज्य यांच्यापुरती होती. शत्रूच्या संपन्न शहरास ती लागू नव्हती. तत्कालीन युद्धव्यवहारात हे अपवादात्मक नव्हते, तरी समीक्षकाने ते झाकू नये. मर्यादा मान्य केल्याने पत्राचे महत्त्व घटत नाही. पगारी सैन्य आणि शेतकरी यांच्यातील असमान संबंधात दुर्बलाची बाजू सत्तेनेच मांडावी, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

समारोप :
सुनेच्या कथेत एका व्यक्तीचे औदार्य एका क्षणी प्रकट होते. ऐकणाऱ्याने फक्त नतमस्तक व्हायचे असते. चिपळूणच्या पत्रात शेकडो अनाम सैनिकांनी रोज पाळावयाचा संयम आहे आणि तो भाजीच्या जुडीपासून सुरू होतो. आख्यायिका गौरव देते, पत्र विचार करावयास लावते. भिवंडी-कल्याणच्या महाविद्यालयांतील मराठी व इतिहासाच्या अध्यापकांनी दोन्ही शेजारी ठेवून शिकविल्यास, आदर म्हणजे केवळ चरणी फुले वाहणे नव्हे, तर घेतलेल्या वस्तूचे मोल चुकते करणे होय, हे विद्यार्थ्यांस उमगेल.