'संमती' आणि 'सहमत' : प्रवाशाच्या विदेचा भाषिक विचार

युसूफ वडगावहून केजला जाणाऱ्या एस.टी.त वाहक जे तिकीट देतो त्यावर भाडे असते, टप्पा असतो. प्रवाशाचे नाव नसते. तोच प्रवासी शहरात भ्रमणध्वनीवर तिकीट काढू लागला, की आधी दूरध्वनी क्रमांक देतो आणि मग बहुधा 'मी सहमत आहे' या कळीवर बोट ठेवतो. प्रस्तुत विवेचन या कळीपुरते आहे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या सहाव्या कलमानुसार संमती मुक्त, विशिष्ट, जाणतेपणाने दिलेली, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी लागते; ती मागे घेण्याचा हक्कही तेथे मान्य केला आहे. संमती ही 'देण्याची' वस्तू आहे. म्हणून ती नाकारता येते, परतही घेता येते. 'सहमत असणे' ही मात्र मताची अवस्था होय. तीत देणारा नाही, घेणारा नाही. मग परत काय घ्यावयाचे? कायद्याने दिलेला हक्क क्रियापदाच्या या अदलाबदलीत हरवतो.

'गोपनीयता धोरण' हा प्रयोगही असाच सदोष आहे. गोपन म्हणजे लपविणे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ याच्या परंपरेतला हा शब्द. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मूलभूत ठरविला तो हक्क खासगीपणाचा आहे. रोज सकाळी रुग्णालयाच्या थांब्यावर उतरणाऱ्याने काही लपविलेले नसते. तरी त्याच्या फेऱ्या जुळविल्या, की घर, काम व आजार यांचा अंदाज येतो. न्यूयॉर्कमधील २०१३ सालच्या सतरा कोटींहून अधिक टॅक्सीफेऱ्यांची नोंद २०१४ साली खुली झाली, तेव्हा गाड्यांचे झाकलेले क्रमांक अल्पावधीतच उलगडले गेले. ('विदा' हा शब्दही निर्दोष नाही, हिंदीच्या सरावाने पुष्कळांना त्यात निरोप ऐकू येतो. परंतु तो आता रुळला आहे.)

आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत संमतीची मागणी वाचण्याचा पर्याय याच अधिनियमात आहे, आणि मराठी त्या बावीस भाषांपैकी एक आहे. तथापि इंग्रजी मसुद्याचे शब्दशः भाषांतर केल्याने ही अट खऱ्या अर्थाने पाळली जात नाही. बीडकडील माणूस 'परवानगी' हा शब्द नित्य वापरतो. 'परवानगी देतो' आणि 'परवानगी देत नाही' अशा दोन कळा शेजारी शेजारी ठेवण्यास कोणत्याही परिभाषाकोशाची गरज नाही.